राहूच्या एका फेरीची प्रतीक्षा : जेम्स ब्रॅडली

आपल्या पंचांगात राहू हा छायाग्रह मानला आहे. गणिताच्या दृष्टीने तो चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला जेथे छेदते त्या दोन बिंदूंपैकी एक होय, दुसरा केतू. हा बिंदू उलट्या गतीने सरकत सुमारे १८ वर्षे ७ महिन्यांत राशिचक्राची एक फेरी पुरी करतो, हे आपल्याकडील ज्योतिषांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु राहूच्या या फेरीबरोबर प्रत्यक्ष पृथ्वीचा अक्षही डोलतो, हे इंग्लंडातील एका धर्मोपदेशकाने अठराव्या शतकात शोधून काढले. ते सांगण्यापूर्वी त्याने राहूची अख्खी एक फेरी पुरी होऊ दिली. त्या जेम्स ब्रॅडलीचे हे अल्प चरित्र.

ब्रॅडलीचा जन्म १६९३ साली ग्लॉस्टरशायर परगण्यातील शेरबोर्न गावी झाला. शिक्षण ऑक्सफर्डला झाले, पण खगोलशास्त्राची दीक्षा मिळाली ती मामा जेम्स पाउंड यांच्याकडून. हे वॉन्स्टेड गावचे धर्मोपदेशक आणि नामांकित वेधकर्ते. १७१७ साली भाचा देवीच्या आजाराने अंथरुणास खिळला असता त्याची शुश्रूषाही त्यांनीच केली. ब्रॅडलीने पुढे धर्मोपदेशकाची वृत्ती पत्करली खरी, परंतु १७२१ साली ऑक्सफर्डला खगोलशास्त्राचे प्राध्यापकपद मिळताच ती सोडून दिली.

१७२५ साली क्यू येथे सॅम्युएल मोलिन्यू या गृहस्थाने आपल्या घराच्या धुराड्याला चोवीस फुटी दुर्बीण उभी बांधली. तिच्यातून कालेय तारकापुंजातील गॅमा तारा माथ्यावरून जाताना दिसे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तर ताऱ्याचे स्थान वर्षभरात किंचित बदलले पाहिजे, तो बदल मोजावा हा हेतू. तारा हलला, पण अपेक्षेच्या विपरीत दिशेने! तीन महिन्यांत तो २० विकला दक्षिणेस गेला, आणि मग परत फिरला. असे सांगतात की, टेम्स नदीत शिडाच्या नावेतून जाताना, नाव वळली की डोलकाठीवरील वातदर्शकही वळतो, वारा मात्र तोच असतो, हे पाहून १७२८ साली ब्रॅडलीला या कोड्याचा उलगडा झाला. प्रकाशाला गती आहे आणि पृथ्वीलाही. दोहोंच्या संयोगाने तारा जागचा ढळलेला दिसतो. पृथ्वी खरोखर फिरते याचा हा पहिला प्रत्यक्ष पुरावा होय.

एवढ्यावर कोणीही संतोष मानला असता. परंतु हा हिशेब वजा केल्यावरही ब्रॅडलीच्या नोंदींत दरसाल एकदोन विकलांची तूट राहू लागली. मामा निवर्तल्यानंतर मामी राहत असत त्या घरी, वॉन्स्टेडला, त्याने १७२७ साली साडेबारा फुटांचे नवे यंत्र बसविले होते. जॉर्ज ग्रॅहम या कसबी घड्याळजीने ते घडविले. त्या यंत्राच्या चापावर एक विकला म्हणजे इंचाचा साधारण १४०० वा भाग! एवढ्याशा तुटीचा दोष यंत्रावर ढकलून मोकळे होणे किती सोपे होते. आयुष्य दप्तरात नोंदी उतरविण्यात गेलेल्या मजसारख्याला हा मोह चांगलाच परिचित आहे. ब्रॅडलीने तूट पुसली नाही. तो ती लिहीत गेला.

वेध सुरू झाले तेव्हा, १७२७ साली, राहू वसंतसंपाताजवळ, म्हणजे सायन मेषारंभी होता. १७३६ साली तो तुळेच्या आरंभी पोहोचला, तेव्हा काही तारे १८ विकलांनी सरकलेले आढळले. आणि तेथून ते मागे फिरू लागले. कारण असे : पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे. त्या फुगवट्यावरील चंद्रसूर्यांच्या ओढीने अक्ष भोवऱ्याप्रमाणे संथ फिरतो, हेच आपले अयनचलन. परंतु चंद्राच्या कक्षेचा विषुववृत्ताशी होणारा कोन राहूच्या स्थानानुसार साडेअठ्ठावीस ते साडेअठरा अंशांच्या दरम्यान बदलतो. त्यामुळे ओढही बदलते, आणि फिरता फिरता अक्ष मान डोलावतो. यास अक्षांदोलन म्हणतात.

अर्धी फेरी पाहून अनुमान जुळले होते, पण शोध जाहीर करण्याची त्याने घाई केली नाही. राहू पुन्हा मेषारंभी आला, त्यानंतरही १७४७ पर्यंत वेध चालूच राहिले. आणि १७४८ साली, वीस वर्षांच्या नोंदींनिशी, शोध प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये दालाँबेर याने त्याची गणिती उपपत्ती दिली.

मध्यंतरी १७४२ साली ब्रॅडली ग्रीनिच वेधशाळेचा राजज्योतिषी झाला होता. तेथील धर्मोपदेशकाची किफायतशीर जागा देऊ केली असता, दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी नीट पार पडणार नाहीत म्हणून त्याने ती नाकारली. पोर्तुगालने १५८२ सालीच स्वीकारलेली ग्रेगरीय कालगणना इंग्लंडने १७५२ साली उचलली, त्या कामीही त्याचे साह्य झाले. ११ दिवस गाळल्याने रुष्ट झालेल्या भोळ्या लोकांनी त्याच्या अखेरच्या दुखण्यात दैवी शिक्षा पाहिली, असे म्हणतात. १७६२ साली तो वारला.

मागे राहिले ते दप्तर. ते सरकारचे की वारसांचे, यावर दावा उभा राहिला आणि वर्षानुवर्षे रेंगाळला. अखेर कागद ऑक्सफर्डला गेले. त्यांचे दोन खंड छापून निघण्यास १७९८ आणि १८०५ साल उजाडले. जर्मन ज्योतिर्विद बेसेल याने त्याच नोंदींवरून ३२२२ ताऱ्यांची स्थाने सिद्ध करून १८१८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. पन्नास वर्षांहून अधिक काळ पडून राहिलेल्या वह्या, आणि त्यांच्यावर पुढील शतकाच्या तारागणिताचा पाया!

आज संगणकावर अक्षाची दिशा काढताना प्रथम दरसाल सुमारे ५०.३ विकलांचे अयनचलन घेतात, मग अक्षांदोलन, आणि शेवटी ध्रुवांची भूपृष्ठावरील किंचित सरक. ही शेवटची सरक पूर्णपणे आगाऊ वर्तविता येत नाही, ती वेधांवरूनच भरावी लागते. आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाने २००० साली स्वीकारलेल्या अक्षांदोलनाच्या सूत्रात १३०० हून अधिक पदे आहेत. त्यांतील सर्वांत मोठे पद राहूचेच. अक्षाच्या कलाचे त्यातील मान ९.२ विकला आहे. ब्रॅडलीने ९ काढले होते. तिथी चंद्रसूर्यांच्या परस्पर अंतरावरून ठरत असल्याने आपल्या उत्सवांच्या तिथींना या डोलण्याची बाधा नाही, मात्र अयनांश सूक्ष्म हवे असतील तर पंचांगकर्त्याला ते विचारात घ्यावेच लागते.

ग्रॅहमने घडविलेले ते साडेबारा फुटी यंत्र ग्रीनिच येथे जतन केलेले आहे.