विश्लेषण : बंद पडलेल्या हृदयासाठी १ मिलिग्रॅम... ॲड्रेनालिन वेगळे करणारे जोकिची ताकामिने कोण होते?

हृदयक्रिया बंद पडलेल्या प्रौढ रुग्णाची छाती दाबणे सुरू असतानाच डॉक्टर शिरेतून १ मिलिग्रॅम ॲड्रेनालिन देतात. गरज पडल्यास दर ३ ते ५ मिनिटांनी तोच डोस पुन्हा दिला जातो. हे औषध मोजून देता येईल अशा स्वरूपात आणले ते जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी.

जपानहून अमेरिकेत कसे पोहोचले?

ताकामिने यांचा जन्म १८५४ मध्ये ताकाओका येथे झाला. वडील वैद्य, तर आईच्या माहेरी साके म्हणजे तांदळाचे मद्य बनवण्याचा व्यवसाय. टोकियो आणि ग्लासगो येथे शिक्षण झाल्यावर १८८४ मध्ये जपान सरकारने त्यांना न्यू ऑर्लिन्सच्या प्रदर्शनासाठी पाठवले. तिथे ओळख झालेल्या कॅरोलिन हिच यांच्याशी १८८७ मध्ये त्यांचा विवाह झाला. १८९० मध्ये हे कुटुंब अमेरिकेत गेले. साकेसाठी लागणाऱ्या ‘कोजी’ बुरशीपासून त्यांनी ‘टाका-डायस्टेज’ हे पाचक औषध तयार केले. पार्क-डेव्हिस कंपनीने ते बाजारात आणले. आपल्याकडच्या अनेक पाचक सिरपमध्ये आजही ‘फंगल डायस्टेज’ असते.

ॲड्रेनालिन कसे मिळाले?

मूत्रपिंडावरील ग्रंथीच्या अर्काने रक्तदाब वाढतो, हे १८९०च्या दशकात समजले होते. पण अर्क कधी तीव्र, कधी सौम्य निघायचा. त्यामुळे नेमका डोस ठरवता येत नव्हता. अमेरिकेत जॉन एबल यांचे प्रयत्न सुरू होते, पण शुद्ध पदार्थ हाती लागला नव्हता. १९०० मध्ये ताकामिने आणि त्यांचे सहकारी केइझो उएनाका यांनी न्यूयॉर्कमध्ये त्याचे स्फटिक मिळवले. पेटंट मात्र एकट्या ताकामिने यांच्या नावावर झाले. ‘ॲड्रेनालिन’ हे कंपनीचे व्यापारी नाव असल्याने अमेरिकेत औषधाला एबल यांनी दिलेले ‘एपिनेफ्रिन’ हे नाव रुळले.

डोसचा काय संबंध?

पार्क-डेव्हिसचे द्रावण १:१००० प्रमाणाचे होते, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. आजच्या नेहमीच्या ॲम्प्यूलमध्येही हेच प्रमाण असते. १:१०,००० द्रावणात तेवढ्याच औषधासाठी १० मिलिलिटर लागतात. इथे गफलत झाली तर डोस दहापट चुकतो.

१ मिलिग्रॅम हा आकडा ताकामिने यांनी ठरवलेला नाही. १९०६ मध्ये जॉर्ज क्राइल यांनी कुत्र्यांच्या पुनरुज्जीवनासाठी ॲड्रेनालिन वापरले. १९६३ मध्ये रेडिंग आणि पिअर्सन यांनीही कुत्र्यांना १ मिलिग्रॅम देऊन प्रयोग केले. पुढे माणसांतही तोच डोस रूढ झाला. त्याहून मोठ्या डोसने फायदा होत नाही, असे १९९२ मधील चाचण्यांत दिसले.

मग प्रश्न सुटला का?

नाही. ब्रिटनमध्ये ८,०१४ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. ॲड्रेनालिन मिळालेल्यांपैकी ३.२ टक्के रुग्ण ३० दिवसांनंतर जिवंत होते. न मिळालेल्यांपैकी २.४ टक्के. मात्र मेंदू चांगल्या स्थितीत राहून वाचलेल्यांच्या प्रमाणात ठळक फरक नव्हता. औषधाने हृदय पुन्हा धडधडते, पण रक्ताविना राहिलेल्या मेंदूची हानी भरून निघत नाही. त्यामुळे लगेच छाती दाबणे आणि गरज असेल तेव्हा विजेचा धक्का देणे, यालाच पहिले महत्त्व आहे.

ताकामिने यांचे १९२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निधन झाले. त्यांच्यामुळे ॲड्रेनालिन मोजता येऊ लागले. किती दिल्याने माणूस शुद्धीवर येऊन घरी जाईल, याचे उत्तर संशोधक अजून शोधत आहेत.