दिलेला शब्द

‘नार्निया’च्या कथा लिहिणारे सी. एस. लुईस १९१७ मध्ये ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकायला आले, तेव्हा पहिले महायुद्ध सुरू होते. कॉलेजात मोजकेच विद्यार्थी उरले होते. एका भागात जखमी सैनिकांचे रुग्णालय होते. लवकरच सैनिकी प्रशिक्षण सुरू झाले. तेथे पॅडी मूर त्यांचा खोलीतला सोबती होता. एक जण परतला नाही, तर दुसऱ्याने पॅडीची आई व लुईसचे वडील यांना सांभाळायचे, असे दोघांनी ठरवले. १९१८ मध्ये पॅडी रणांगणावर पडला. लुईस जखमी होऊन परतले. पॅडीच्या आईला त्यांनी १९५१ मध्ये तिचे निधन होईपर्यंत अंतर दिले नाही. आपण दिलेला शब्द किती दिवस पाळतो? आज स्वतःलाच विचारूया.