धनुष्याचा पारखी

सोळाव्या शतकात इंग्लंडात सर हंफ्री विंगफील्ड नावाचे एक प्रतिष्ठित गृहस्थ होते. अनेक मुलांना आपल्या घरी ठेवून घ्यावे व त्यांच्या विद्याभ्यासाची सोय लावावी, याची त्यांना मोठी हौस होती. कामकाजासाठी ते लंडनला जात आणि परतताना या मुलांसाठी धनुष्ये व बाण घेऊन येत. खेळाची वेळ झाली की मुलांबरोबर ते स्वतः माळावर जात व त्यांची नेमबाजी पाहत उभे राहत. ज्याचा हात सर्वांत डौलदार, त्याच्या वाट्याला सर्वांत चांगले धनुष्य येई. ज्याचा बाण वेडावाकडा जाई, त्याची सोबती अशी थट्टा करीत की, हात सुधारेपर्यंत तिच्यातून त्याची सुटका नसे.

त्या मुलांत एका जहागीरदाराच्या कारभाऱ्याचा मुलगा होता. त्याचे नाव रॉजर अ‍ॅस्कम. यॉर्कशर परगण्यातील कर्बी विस्क या खेड्यात, १५१५ च्या सुमारास त्याचा जन्म झाला होता. ग्रीक व लॅटिन या भाषा त्याने विंगफील्डांच्या छत्राखाली आरंभिल्या आणि धनुष्य हाती धरण्यासही तो तेथेच शिकला. पुढे ही दोन्ही प्रेमे त्याने जन्मभर जपली.

१५३० मध्ये तो केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला. थोड्याच वर्षांत तो तेथे अध्यापक झाला आणि ग्रीक भाषेचा पंडित म्हणून त्याचे नाव होऊ लागले. परंतु सायंकाळ झाली की हा पंडित पोथ्या मिटून माळाची वाट धरी. विद्वानाने शिपायासारखा धनुष्यबाण मिरवावा, हे पुष्कळांना रुचले नाही. त्याच्यावर टीका होऊ लागली. अ‍ॅस्कमने तिला तोंडी उत्तर दिले नाही. त्याने एक ग्रंथच लिहिला.

हा ग्रंथ १५४५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे नाव ‘टॉक्सोफिलस’. या ग्रीक शब्दाचा अर्थ धनुष्याचा प्रेमी. एक धनुष्यप्रेमी व एक विद्याप्रेमी अशा दोघांच्या संवादातून तो सजविलेला आहे. विशेष हे की, अ‍ॅस्कमने तो इंग्रजीत लिहिला. त्या काळी विद्वान लोक लॅटिनमध्ये लिहीत. लॅटिन किंवा ग्रीक भाषेत लिहिणे आपल्याला अधिक सोपे गेले असते व त्यात आपला मानही राहिला असता, हे त्याने मोकळेपणाने कबूल केले आहे. परंतु ज्यांना धनुष्य उचलावयाचे होते, त्या सामान्य शेतकऱ्यांना व शिपायांना लॅटिनचा काय उपयोग?

त्या वेळी इंग्लंडातील धनुर्विद्येला उतरती कळा लागू पाहत होती. १४१५ मध्ये आजिनकोर्टच्या रणांगणावर इंग्लिश तिरंदाजांनी फ्रान्सच्या चिलखती सरदारांची दाणादाण उडविली होती. तिला आता सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली होती. सैन्यात बंदुका येत होत्या. तिरंदाजीचा सराव करावा, असे राजाचे कायदे होते. पण फासे आणि पत्ते तरुणांना अधिक गोड लागत. अ‍ॅस्कमने या जुगाराचा आपल्या ग्रंथात कडक समाचार घेतला आहे. खरी रंगत मात्र येते ती तो प्रत्यक्ष धनुष्याकडे वळतो तेव्हा.

इंग्लंडचे लांब धनुष्य म्हणजे उभ्या माणसाच्या उंचीची, किंबहुना तिच्याहूनही लांब अशी एकाच लाकडाची काठी होय. तिला शिंगाचे किंवा स्नायूंचे जोड नसतात. तिचे सारे सामर्थ्य लाकडात व कारागिराच्या हातात असते. यासाठी यू नावाचा वृक्ष सर्वोत्तम ठरला आहे, कारण त्याच्या खोडात निसर्गाने दोन प्रकारची लाकडे एकत्र जोडली आहेत. सालीलगतचे फिकट लाकूड ताणाला टिकते, तर आतला तांबूस गाभा दाबाला टिकतो. धनुष्य वाकले म्हणजे त्याची बाहेरची बाजू ताणली जाते व तिरंदाजाकडची बाजू दाबली जाते. म्हणून कारागीर फिकट लाकूड बाहेरच्या बाजूस व गाभा आतल्या बाजूस ठेवून काठी घडवितो.

अ‍ॅस्कमने या लाकडाची पारख फार बारकाईने केली आहे. फांदीपासून केलेले धनुष्य त्याला पसंत नाही. त्यात गाठी फार, जोर कमी आणि ते लवकरच दोरीच्या बाजूला कायमचे वाकते. कोवळ्या रोपाचे धनुष्य बहुधा बरे निघते, कारण कोवळी वस्तू मोडण्यापूर्वी पुष्कळ वाकते. पण उत्तम धनुष्य होते ते पूर्ण वाढलेल्या झाडाच्या बुंध्याचे. मात्र तो बुंधा सरळ चिरफळला पाहिजे आणि नंतर लाकडाचे तंतू जसे गेले असतील, त्यांच्या कलानेच तो तासला पाहिजे. कारागिराने तंतूंवर जबरदस्ती करून आडवे तासले, तर ते धनुष्य आज ना उद्या मोडलेच म्हणून समजावे.

दुकानात उभ्या केलेल्या धनुष्यांतून एक निवडावे कसे, हेही तो सांगतो. बारीक, लांब, वजनदार, सरळ, पीळ न पडलेले आणि गाठ वा चीर नसलेले धनुष्य दिसले की बिनधास्त घ्यावे. चांगल्या धनुष्याच्या लाकडावर पुढे नव्या मेणासारखी किंवा सोन्यासारखी झळाळी चढते. परंतु विकत घेतलेले धनुष्य अजून आपले झालेले नसते. ते घेऊन प्रथम माळावर जावे, जड बाण सोडून त्याला चांगले रुळवावे आणि ते कोठे अधिक वाकते, यावर नजर ठेवावी. लाकूड खरोखरच चांगले आहे अशी खात्री पटली की, ते पुन्हा एखाद्या कुशल व विश्वासू कमानगराकडे न्यावे. तो त्याची टोके थोडी आखूड करील, जेथे हवे तेथे तासून काढील आणि ओढताना ते सर्वत्र सारख्याच गोलाईने वळेल असे करील. असे धनुष्य त्या एका माणसाच्या हातासाठीच घडलेले असते. त्यासाठी दुप्पट पैसे मोजावे लागले, तरी अ‍ॅस्कमला तो सौदा महाग वाटत नाही. रोज मेणाच्या लोकरी फडक्याने ते घासावे, दमट हवेत उघडे टाकू नये आणि आगीजवळही नेऊ नये. एखाद्या आवडत्या घोड्याची निगा राखावी, तशी ही निगा!

पंडिताचे डोळे किती जागे होते, हे एका प्रसंगावरून दिसते. एकदा तो यॉर्कशरमधील टॉपक्लिफहून बरोब्रिजकडे घोड्यावरून चालला होता. जमिनीवर बर्फ पडून वरचा थर गोठला होता आणि वाऱ्याबरोबर सैल बर्फ त्यावरून धावत होते. डोळ्यांना न दिसणारा वारा त्या दिवशी अ‍ॅस्कमला दिसला. एका पट्ट्यात बर्फ उडत होते, तर शेजारच्या पट्ट्यात निश्चल होते. कोठे ते वेगाने सुटत होते, कोठे गिरक्या घेत होते. सोडलेला बाण वाटेत किती निरनिराळ्या वाऱ्यांतून जात असेल, हे त्याने त्यावरून ताडले.

आठवा हेन्री राजा स्वतः तिरंदाजीचा शोकी होता. ग्रंथ पाहून त्याने अ‍ॅस्कमला दरसाल दहा पौंडांचे वेतन बांधून दिले. १५४८ मध्ये हेन्रीची कन्या एलिझाबेथ हिला शिकविण्याचे काम त्याच्याकडे आले. लॅटिन उताऱ्याचे इंग्रजी भाषांतर करावयाचे आणि काही वेळाने मूळ न पाहता त्याचे पुन्हा लॅटिन करावयाचे, ही त्याची पद्धत होती. पुढे राजवाड्यातील कुरबुरींना कंटाळून त्याने ती जागा सोडली व काही वर्षे वकिलातीबरोबर युरोपात काढली. मेरी राणीच्या व नंतर एलिझाबेथच्या दरबारात तो लॅटिन पत्रव्यवहाराचा चिटणीस होता.

डिसेंबर १५६३ मधील गोष्ट. लंडनमध्ये प्लेगची साथ असल्याने दरबार विंडसरला हलला होता. भोजनाच्या वेळी प्रधान सर विल्यम सेसिल यांनी एक बातमी सांगितली. ईटनच्या शाळेतील काही मुले माराच्या भीतीने पळून गेली होती. पंक्तीत वाद सुरू झाला. छडीवाचून विद्या नाही, असे म्हणणारेही तेथे होते. अ‍ॅस्कमने मात्र स्पष्ट सांगितले की, मारापेक्षा प्रेमाने मुले लवकर शिकतात. सर रिचर्ड सॅकव्हिल त्या वेळी गप्प होते. नंतर त्यांनी अ‍ॅस्कमला खिडकीपाशी बाजूला नेले. लहानपणी एका मारकुट्या शिक्षकामुळे आपले विद्येवरचे मन कायमचे उडाले, ही खंत त्यांनी त्याला सांगितली. निदान आपल्या नातवाच्या नशिबी ते येऊ नये, म्हणून शिक्षणावर एक ग्रंथ लिहावा, अशी त्यांनी विनंती केली.

त्यातून ‘द स्कूलमास्टर’ हा ग्रंथ तयार झाला. चटकन शिकणारी मुले बहुधा चटकन विसरतात आणि सावकाश शिकणाऱ्यांनाच शिक्षक मूर्ख समजून बडवतो, असे त्यात अ‍ॅस्कम दाखवून देतो. येथेही त्याला लाकूड आठवते. कोरीव कामाला मऊ लाकूड किंवा मऊ दगड चालत नाही. कठीण असेल त्यावरच रेखीव मूर्ती उठते व टिकते. ज्याने तंतूंच्या कलाने तासलेली धनुष्ये इतकी वर्षे हाताळली, त्याला मुलांवरची जबरदस्ती सहन होऊ नये, यात नवल ते काय!

त्याच्यात दोष नव्हते असे नाही. ज्या फाशांवर त्याने तरुणपणी इतके कोरडे ओढले, त्यांच्याच व कोंबड्यांच्या झुंजीच्या नादी लागून तो गरीब राहिला, असे कॅम्डेन या इतिहासकाराने नमूद केले आहे. ३० डिसेंबर १५६८ रोजी तो वारला. त्याच्या विधवा पत्नीने, मार्गारेटने, त्याचा शेवटचा ग्रंथ १५७० मध्ये छापून घेतला.

‘टॉक्सोफिलस’ ज्या वर्षी निघाला, त्याच वर्षी १९ जुलैला हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज पोर्ट्समथजवळ समुद्रात बुडाले. पाणबुड्यांनी ते शोधून काढले आणि १९८२ मध्ये त्याचा सांगाडा वर आणण्यात आला. त्यात यूच्या लाकडाची १३७ अखंड धनुष्ये व साडेतीन हजारांवर बाण मिळाले. तोपर्यंत अ‍ॅस्कमच्या काळातील लांब धनुष्ये जवळजवळ कोणी पाहिलीच नव्हती. सैन्यातील बाण अ‍ॅस्पेनच्या हलक्या लाकडाचे करतात, त्याऐवजी ते अ‍ॅशचे असावेत, असे अ‍ॅस्कमने लिहिले होते. जहाजातील बहुतेक बाण खरोखरच त्या हलक्या जातीच्या लाकडाचे निघाले. धनुष्ये सहा फुटांहून लांब आहेत. त्यांच्यावर कमानगरांच्या खुणा आहेत. जेथे लाकडात बारीक गाठ आली, तेथे कारागिराने ती सपाट कापून टाकलेली नाही. तिच्याभोवती थोडे लाकूड उंच राखून हत्यार अलगद पुढे नेले आहे.