नागासाकीच्या टेकडीवरील वसईकर



जपानमधील नागासाकी शहरात निशिझाका टेकडीवर २६ हुतात्म्यांचे ब्राँझचे पुतळे १९६२ साली उभारले गेले. त्यांतील एक वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया.

तरुणपणी ते येशूसंघीयांबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले. संघात प्रवेश मात्र मिळाला नाही. ते व्यापारात शिरले, पण देवाची हाक विसरले नाहीत. मनिलात ते फ्रान्सिस्कन ब्रदर झाले, १५९३ मध्ये दुभाषी म्हणून जपानला परतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी याच टेकडीवर त्यांना क्रुसावर मारण्यात आले. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले.

एक दार बंद झाले की आपण देवावर रुसतो, मिस्सालाही येईनासे होतो. गोन्सालो दुसऱ्या दाराने त्याच सेवेला गेले. आपण जाऊ का?