केडगाव स्टेशन आणि पंडिता रमाबाई

पुण्याहून परतूरला रेल्वेने यायचे म्हणजे दौंड, मनमाड, जालना असा वळसा. दौंडच्या अलीकडे केडगाव हे छोटे स्टेशन लागते. इंजिनिअरिंगला असताना कितीदा ते खिडकीतून पाहिले, पण कधी लक्ष दिले नाही. दोन वर्षांपूर्वी वडील गेले आणि त्याच महिन्यात माझी नोकरीही गेली. दिवस उरकून पुण्याला परतताना केडगावची पाटी दिसली आणि शाळेच्या इतिहासात दोन ओळींत आटोपलेल्या पंडिता रमाबाई आठवल्या. पुढचे काही महिने हाताला काम नव्हते, म्हणून त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेले. बाकीच्यांनी स्मरणिकेसाठी शाळेच्या गमतीजमती लिहिल्या आहेत. माझे हे चालवून घ्या.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवले आणि आईने रमाबाईंना. तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर फिरले. मग दुष्काळ आला. १८७४ साली आधी वडील, मग आई आणि काही महिन्यांनी थोरली बहीण गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या, म्हणजे आपल्या दहावीच्या वयाच्या! भावाबरोबर पायी हिंडत त्या कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या पंडितांनी त्यांचे संस्कृत ऐकून त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झाले. दोन वर्षांनी कॉलऱ्याने पती गेले, तेव्हा मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती.

सिल्चरच्या त्या घरात त्यांना बंगालीतले लूकचे शुभवर्तमान सापडले होते. पण दुःख आले, पुस्तक उघडले आणि देव भेटला इतके ते सोपे नव्हते. पुण्यात आर्य महिला समाज काढून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. याचे कारण विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. दुपारी विहिरीवर आलेली, लोकांनी हलकी ठरवलेली ती बाई. येशू तिच्याकडेच पाणी मागतो. कुणी कुणाच्या हातचे पाणी प्यायचे यावरून आपल्याकडे काय काय घडले हे ठाऊक असलेल्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. त्याच वर्षी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

तरीही मन शांत झाले नाही. धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, अशी कबुली त्यांनी पुढे दिली. ती जवळीक वाटायला आणखी आठ वर्षे गेली. मला रमाबाई आपल्या वाटतात त्या या कबुलीमुळे.

पुढे छळ चुकला असे नाही. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुण्यात आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून कितीतरी मुली पालकांनी काढून नेल्या आणि सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. आपल्या मुली ख्रिस्ती होतील ही पालकांची भीती अगदीच निराधार नव्हती, असे माझे मत आहे. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुली, विधवा गोळा करून आणायला रमाबाईच गेल्या. सोळाव्या वर्षी स्वतः भूक पाहिलेली बाई ती. त्या मुलींसाठी केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले.

ऐकू येणे कमी होत गेले तसे त्यांनी एक अवाढव्य काम अंगावर घेतले. जुन्या मराठी बायबलमधले संस्कृत शब्द खेड्यातल्या बायकांना कळत नाहीत, म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल सोप्या मराठीत आणायचे. छपाई केडगावातच, आश्रमातल्या बायकांच्या हातून. एका चुकीच्या अक्षरापायी रात्र जागवणाऱ्या माझ्यासारखीला तर प्रुफांच्या त्या ढिगाऱ्याची कल्पनाच करवत नाही. देव मोडलेल्या मनाच्या माणसाजवळ असतो असा ३४ व्या स्तोत्राचा भाव आहे. ते स्तोत्रही त्यांनी याच मराठीत आणले.

१९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. पुढे संस्था तीच सांभाळणार होती. रमाबाई पुन्हा प्रुफांकडे वळल्या आणि ती संपवूनच ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावात गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ मध्ये.