समुद्राचं वेड लावणाऱ्या कुस्तोंच्या फिल्ममध्ये शार्क का मारले गेले?

झाक कुस्तोंना व्हायचं होतं फ्रेंच नौदलात पायलट. एका मोटार अपघाताने ते स्वप्न संपवलं. मग गॉगल लावून भूमध्य समुद्रात डोकं घातलं, ते कायमचंच! 1943 मध्ये एमिल गान्याँसोबत त्यांनी ॲक्वालंग बनवलं. पाठीवर हवेची टाकी, हातात कॅमेरा.

1956 च्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ला कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यातलं काही आज बघवत नाही. मासे मोजायला प्रवाळात डायनामाइट फोडलंय. त्यांच्याच बोटीच्या पंख्याने व्हेलचं पिल्लू जखमी होतं, त्याला खायला शार्क जमतात आणि चिडलेले खलाशी शार्कनाच मारत सुटतात. लपवलं काहीच नाही, तेव्हा ते कुणाला फारसं खटकतही नसावं.

याच कुस्तोंनी 1960 मध्ये समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकायला विरोध केला. 1973 मध्ये समुद्र वाचवायला संस्था काढली. 1997 मध्ये ते गेले.