मिंग्रेल्याचा पाहुणा

वेंगुर्ल्यातली डच वखार आता पडकी झाली आहे. बाजाराला निघालेला माणूस तिच्याकडे मान वळवून बघतही नाही. पण १६३७ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाहीच्या परवानगीनं डचांनी इथे पाय रोवले, तेव्हा या गावाचं नाव ॲमस्टरडॅमपासून बटाव्हियापर्यंतच्या खतावण्यांत लिहिलं जात होतं. त्या काळात इथे जे परदेशी पाहुणे उतरले, त्यांतला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे झां बाप्तिस्त टॅव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या. शाळेच्या पुस्तकात तो आपल्याला हिऱ्यांचा व्यापारी म्हणून भेटतो. मला मात्र त्याची आठवण होते ती हिऱ्यांमुळे नव्हे, तर त्याहून पुष्कळ स्वस्त अशा एका वस्तूमुळे. ती वस्तू म्हणजे द्राक्षाची दारू, आजच्या भाषेत वाइन.

रविवारच्या पुरवणीत हा विषय कुठून आला, असं घरातली वडीलधारी मंडळी विचारतील. सांगतो. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, त्यातली काही वर्षं वेंगुर्ल्याच्या शाखेत. परदेशातून येणारे ड्राफ्ट वठवायचे, हा तिथला नित्याचा उद्योग. एकेकाळी आमच्या भागातला चाकरमानी मुंबईला जात असे. नंतर तो आखातात गेला आणि आता त्याची मुलं युरोपात, ऑस्ट्रेलियात पोचली आहेत. सुटीवर आली की ही मुलं तिथल्या महागाईचा पाढा वाचतात. घरभाडं, भाजी, डॉक्टर असं सगळं झालं, की आजूबाजूला आजी-आजोबा नाहीत हे पाहून हळूच विषय निघतो तो खोक्यातल्या वाइनचा. पुठ्ठ्याच्या खोक्यात पिशवी आणि पिशवीत स्वस्तातली वाइन, ही युक्ती १९६५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या टॉमस अँगोव्ह या द्राक्षमळेवाल्यानं काढली. परदेशात एकटं राहणाऱ्या, बेताच्या पगाराच्या माणसाची ती सोय झाली. आता तीही महागली, असं मुलं म्हणतात. दुबईनं २०२३ च्या जानेवारीत दारूवरचा ३० टक्के कर उठवला आणि २०२५ च्या जानेवारीत तो पुन्हा बसवला, तेव्हा तिथल्या आपल्या मंडळींच्या गप्पांना महिनाभर दुसरा विषय नसेल.

हे गाऱ्हाणं नवं नाही. पावणेचारशे वर्षांपूर्वी आपल्याच किनाऱ्यावर परदेशी माणसं नेमकं हेच गाऱ्हाणं सांगत होती. फक्त तेव्हा परदेश म्हणजे आपला कोकण होता.

टॅव्हर्निएचा जन्म १६०५ सालचा, पॅरिसचा. घराणं प्रॉटेस्टंट, धर्मछळाला कंटाळून अँटवर्पहून फ्रान्समध्ये आलेलं. बापाचा धंदा नकाशांचा. लहानपणापासून डोळ्यांसमोर नकाशे आणि कानांवर प्रवाशांची बोलणी, त्यामुळे मुलाचे पाय घरात ठरले नाहीत. बाविशीपर्यंत त्यानं बहुतेक युरोप पालथा घातला. पुढे १६३१ ते १६६८ या काळात पूर्वेकडे सहा सफरी केल्या. पहिल्या सफरीत तो इस्फहानपर्यंत गेला. नंतरच्या पाचही वेळा हिंदुस्थानात आला. पूर्वेकडच्या दरबारांत युरोपातल्या नवलाईच्या वस्तू आणि जडजवाहीर विकायचं, गोवळकोंड्याच्या मुलखातले हिरे विकत घ्यायचे, असा त्याचा व्यापार. तो विद्वान नव्हता, पण नजर पक्क्या व्यापाऱ्याची. जिथे जाईल तिथलं अंतर, जकात, नाण्यांचा बट्टा, नोकराचा पगार हे सगळं तो टिपून ठेवी. आम्हा बँकवाल्यांना असा माणूस लगेच आपला वाटतो.

१६४८ च्या जानेवारीत तो डचांच्या जहाजातून वेंगुर्ल्याला उतरला. त्यानं गावाचं नाव लिहिलं आहे मिंग्रेला. समुद्राच्या कडेनं लांबवर पसरलेलं गाव, हिंदुस्थानातल्या उत्तम नांगरवाड्यांपैकी एक, गोडं पाणी, चांगला तांदूळ आणि नावाजलेली वेलची, अशी त्यानं आपल्या गावाची नोंद केली. डच गोव्याची नाकेबंदी करायला येत, तेव्हा पाणी आणि शिधा इथूनच भरून घेत, हेही त्यानं लिहून ठेवलं. म्हणजे पोर्तुगिजांच्या गोव्याचा गळा आवळणारा हात वेंगुर्ल्याच्या तांदळावर पोसला जात होता.

आता या वखारीत राहणाऱ्या परक्या माणसांचा विचार करा. घर हजारो कोस दूर. पत्राचं उत्तर यायला दीड-दोन वर्षं. जेवणाबरोबर द्राक्षाची दारू ही त्यांची लहानपणापासूनची सवय, जशी आपल्याला भाताबरोबर सोलकढी. ती आणायची कुठून? युरोपातून निघालेली पिपं आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून येत. हलकी दारू वाटेतच आंबून जाई. स्पेनकडची, कॅनरी बेटांवरची कडक दारू तेवढी तग धरी. दुसरा मार्ग इराणचा. शिराजच्या द्राक्षांची दारू तिथे काचेच्या लांब मानेच्या सुरयांत भरत, त्या गवतात गुंडाळून लाकडी पेट्यांत रचत, पेट्या खेचरांवर लादून बंदर अब्बासला आणत आणि तिथून जहाजानं सुरतेला आणि पुढे आपल्या किनाऱ्याला. इंग्रजांच्या आणि डचांच्या वखारींत नजराणा द्यायलाही याच पेट्या चालत. खोक्यातली दारू तेव्हाही होती म्हणायची, पण स्वस्त नव्हती.

किती महाग, याचा आकडा टॅव्हर्निएच्या ओळखीच्या दुसऱ्या फ्रेंच प्रवाशानं, डॉक्टर बर्निएनं, दिल्लीबद्दल नोंदवला आहे. या दोघांनी १६६५-६६ मध्ये बंगालकडचा प्रवास बराचसा बरोबरच केला. सुरतेहून दिल्लीला माल पोचायला ४६ दिवस लागत आणि साधारण तीन पाइंटांची बाटली सहा-सात एक्यूंच्या खाली मिळत नसे. एक्यू हे फ्रेंच चांदीचं नाणं. टॅव्हर्निएच्या हिशेबानं एका एक्यूचे सुमारे दोन रुपये होत, म्हणजे बाटली पडली १२ ते १४ रुपयांना. आणि त्याच टॅव्हर्निएनं प्रवासात बरोबर घेण्याच्या नोकराचा पगार दिला आहे महिना ४ रुपये. बँकेतली सवय म्हणून मी भागाकार केला. एका बाटलीत एका माणसाची तीन महिन्यांची मेहनत बुडत होती! बर्निएनं त्यावर म्हटलं आहे, की किंमत ऐकूनच चव जाते.

पैसे असले तरी दारू मिळेलच असं नव्हतं. औरंगजेबाच्या दिल्लीत बंदी आली, तेव्हा ख्रिस्ती लोकांना शहराबाहेर राहून स्वतःपुरती दारू गाळायची मुभा होती, विकायची नव्हती, असं मनुची सांगतो. आपल्याकडे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर परदेशी पाहुण्यांना परवाना काढावा लागे, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. परक्याच्या पेल्यावर सरकारचा डोळा, ही रीत जुनी आहे.

मग हे लोक पीत काय? जे आपल्या माडांवर होतं ते. कोकणातली माडी, तिची गाळलेली कडक दारू आणि गुळाचा अरक. अरक हा शब्द अरबांचा. आजही काजूच्या पहिल्या धारेला आपण उर्राक म्हणतो, तो त्याचाच भाऊबंद. या अरकात साखर, लिंबू, पाणी आणि मसाला घालून परदेशी लोकांनी जे पेय केलं, त्याचं पंच हे नाव आपल्या पाच या आकड्यावरून पडलं असं मानलं जातं. आपल्या लोकांची ही स्वस्त दारूही करातून सुटली नव्हती. गोवळकोंड्यात ताडी बाटलीला एका सू-ला, म्हणजे रुपयाच्या तिसाव्या भागाला मिळते आणि तिच्यावरच्या करातून राजाला मोठं उत्पन्न होतं, हे टॅव्हर्निएच्या नजरेतून निसटलं नाही. कुठल्याही राजाला हे उत्पन्न सोडवत नाही.

वेंगुर्ल्याहून टॅव्हर्निए गोव्याला गेला. सात वर्षांपूर्वी, १६४१ मध्ये, तो तिथे येऊन गेला होता. तेव्हा ज्यांच्या घरी त्यानं श्रीमंती पाहिली होती, वर्षाला दोन-दोन हजार एक्यूंचं उत्पन्न पाहिलं होतं, त्यांतलीच काही माणसं आता अंधार पडल्यावर गुपचूप त्याच्याकडे मदत मागायला आली. खानदानी बायका पालखीतून येत, दारात थांबत आणि आपला नमस्कार एका पोराबरोबर आत पाठवत. पाहुण्यानं जे द्यायचं ते त्या पोराच्या हाती द्यावं. भीक होती, पण ताठा सुटला नव्हता. डचांनी समुद्रावरचा व्यापार तोडला आणि गोव्यातली ही घरं आतून पोखरली. त्याच्या प्रवासवर्णनातला हा भाग मी अनेकदा वाचला आहे. हिऱ्यांच्या वर्णनांपेक्षा तो मला जास्त मोलाचा वाटतो. बाजारात वस्तू महागते तेव्हा ती कुणाकुणाच्या दारातून आत शिरते, हे त्यात दिसतं. जहाज आलं नाही तर आधी दारू जाते, मग नोकर जातात, मग दागिने, आणि शेवटी उरते ती फक्त पालखी.

ज्या बंदरातून हा गळफास आवळला गेला, त्याच वेंगुर्ल्याला परतून १६४८ च्या एप्रिलमध्ये तो डच जहाजानं बटाव्हियाला निघाला. तिथे त्याच्यातला सावकार जागा झाला. डच कंपनी आपल्या नोकरांचा पगार पुरता हातात देत नसे; बराचसा खात्यावर जमा राही आणि मायदेशी परतल्यावर मिळे. परतेपर्यंत जगणार किती, हाच प्रश्न. म्हणून नोकर ही पगाराची कागदपत्रं मिळेल त्या भावाला विकून रोख पैसे घेत. आजची भूक आणि आजचा पेला उद्याच्या पगारावर भागवायचा. टॅव्हर्निएनं असे कागद स्वस्तात विकत घेतले. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी ते त्याच्याकडून सक्तीनं काढून घेतले आणि पुढे हॉलंडमध्ये त्याला त्यासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं. त्या कागदांत ज्यांचं रक्त आटलं होतं त्यांच्याबद्दल तो फारसं बोलत नाही. आपल्याला त्यांच्याबद्दल वाटतं, कारण आखातातल्या आपल्या मुलांनी अडकलेल्या पगाराच्या कहाण्या आपल्याला सांगितलेल्या आहेत.

नंतरच्या सफरींत त्याचं नशीब चढतच गेलं. इराणचा शहा दुसरा अब्बास याच्या मद्याच्या बैठकीत तो बसला. १६६५ मध्ये औरंगजेबाच्या खजिन्यातली रत्नं त्यानं हाताळून पाहिली. १६६६ च्या जानेवारीत ढाक्याला शाहिस्तेखानाला जवाहीर विकलं. होय, लाल महालात बोटं गमावलेला तोच शाहिस्तेखान. याच सफरीच्या काळात, १६६४ च्या नोव्हेंबरात, वेंगुर्ल्याच्या उत्तरेला मालवणच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचा पाया घातला. महाराजांविषयी टॅव्हर्निएनं ऐकीव गोष्टी लिहिल्या आहेत. पण बंदर ज्याच्या हाती, भाव त्याच्या हाती, हे जे तो मिंग्रेल्यात पाहून गेला, ते महाराजांनी केव्हाच ओळखलं होतं.

१६६८ मध्ये तो कायमचा परतला. ११२ कॅरटांचा निळा हिरा आणि इतर रत्नं चौदाव्या लुईनं सुमारे ९ लाख लिव्रना घेतली, त्याला सरदारकी मिळाली. जिनिव्हाजवळ ओबोन इथली जहागीर त्यानं विकत घेतली. १६७६ मध्ये सहा सफरींचं पुस्तक निघालं. लेखणी दुसऱ्याची, आठवणी त्याच्या. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पैसा टिकला नाही, १६८५ मध्ये जहागीर विकावी लागली. त्याच वर्षी लुईनं प्रॉटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं. ऐंशी उलटलेला हा म्हातारा पुन्हा वाटेला लागला आणि १६८९ मध्ये मॉस्कोत, परक्या मुलखात, वारला. त्याचा निळा हिरा पुन्हा पैलू पाडून, चोरीला जाऊन, हात बदलत आज होप हिरा या नावानं वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

ज्याला साऱ्या जगातले भाव तोंडपाठ होते, त्याला घराजवळ मरण विकत घेता आलं नाही. मुलं परदेशातून खोक्यातल्या वाइनच्या भावाची तक्रार करतात तेव्हा आपण हसतो, कधी रागावतो. दारू वाईटच, तिची तरफदारी मला करायची नाही. पण त्या तक्रारीखाली दुसरी एक असते. दिवसभर परक्या भाषेत राबून आल्यावर संध्याकाळी खोलीत काय करायचं, हा तिथला खरा प्रश्न. वखारीतल्या डचाला तो पडला होता, गिरणगावातल्या खानावळीत जेवणाऱ्या आपल्या आजोबांना पडला होता आणि आज दुबईतल्या पोराला पडतो. तेव्हा पुढच्या वेळी फोन आला, तर तिथले भाव विचारण्याआधी त्याला संध्याकाळ कशी जाते ते विचारा. आणि कोण येणारं असेल तर त्याच्याबरोबर आगळाची एक बाटली नीट बांधून पाठवा. घरी केलेल्या आगळावर तरी अजून कुणी कर बसवलेला नाही.